शिवेपलीकडचे तुडतुडे

रॉकेलचा डबा तसा साधाच होता. गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात निम्म्यापर्यंत पाणी आणि वर बोटभर रॉकेल. प्रतिभाने तो ओटीवरच्या खांबाशी ठेवला तेव्हा जितका भरलेला होता, तितकाच हंगाम संपतानाही भरलेला होता. सगळी गोष्ट खरं म्हणजे एवढीच आहे. पण एवढ्याशा गोष्टीपायी एका बाईच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मान गेला, आणि प्रतिभाला आजही जव्हारच्या बाजारात रॉकेलचा वास आला की ती रस्ता बदलते.

प्रतिभा पोशेऱ्याची, मोखाड्याच्या डोंगरातली. आश्रमशाळेत शिकली, मग कृषी महाविद्यालयात गेली, आणि २००३ साली पीएच.डी.चं काम घेऊन पुन्हा डोंगरातच आली, फक्त मोखाड्याऐवजी जव्हारकडे, दाभोशाला. तिथे नदीकाठी तिने एक घर भाड्याने घेतलं. ओटीवर भाताच्या कुंड्यांची रांग लावली, प्रत्येक कुंडीवर मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा चढवला आणि त्यात तुडतुडे पाळले. लोक भातावरचे तुडतुडे हाकलतात आणि ही पाळते, म्हणून गावाने तिचं नाव ‘किड्यांची डाक्टरीण’ ठेवलं. आधी तिला राग आला, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर कुणी तसं म्हटलं की तिला गालातल्या गालात हसू यायचं.

तुडतुडे दोन जातींचे होते. एक पांढऱ्या पाठीचे, इथलेच, दाभोशाच्या भातावर वर्षानुवर्षं थोडेथोडके असणारे. त्यांच्यामुळे कधी कुणाचं भात बुडालं नव्हतं. दुसरे तपकिरी, तिने वाडा तालुक्याच्या सखल भागातून बाटल्यांत भरून एसटीने आणलेले. डोंगरात हे तपकिरी चुकूनमाकूनच दिसायचे. दोघं एकाच रोपाचा रस पितात, तर एका कुंडीत ठेवल्यावर कोण कुणाला हुसकावतं, हे तिला बघायचं होतं. आणि त्याहून पुढचं म्हणजे, हुसकावणाऱ्याची ताकद त्याची स्वतःची असते की त्याच्या पोटातल्या जिवाणूंची.

कारण भाताचा रस म्हणजे नुसतं साखरपाणी. तेवढ्यावर कुणाचं अंग धरायचं नाही. तुडतुड्याच्या पोटात जिवाणू असतात, ते त्याला रसात नसलेलं पोषण तयार करून देतात आणि त्या बदल्यात आत सुखाने राहतात. आई अंडी घालते तेव्हा ते अंड्यातून पिल्लाकडे जातात. प्रतिभाने तपकिरी तुडतुड्यांचे दोन गट केले. एका गटाला प्रतिजैविकाची पूड कालवलेलं साखरपाणी पाजून आतले जिवाणू मारले, दुसऱ्याला जसाच्या तसा ठेवला. मग दोन्ही गट वेगवेगळ्या कुंड्यांत पांढऱ्या पाठीच्यांबरोबर सोडले.

हे सगळं तिने तानीमावशीला सांगितलं होतं. तानी पन्नाशीची, तिच्या घराशेजारीच राहणारी. कुंड्यांना पाणी घालायला, पिंजरे धुवायला आणि शनिवारच्या मोजणीनंतरची झाडलोट करायला प्रतिभाने तिला ठेवलं होतं. तानीने नीट ऐकून घेतलं, भिंगातून एक तुडतुडा पाहिला आणि म्हणाली, “म्हंजे राबणारा आत, आन नाव बाहेरच्याचा.” प्रतिभाला ते इतकं आवडलं की तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. आपल्या घरी कोण राबतंय आणि नाव कुणाचं होणार आहे, हे काही तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्यापासून मोजणी सुरू झाली. दर शनिवारी प्रतिभा एकेका कुंडीतले तुडतुडे तोंडाने ओढायच्या नळीने काचेच्या बाटलीत घ्यायची, मोजायची, लागतील तेवढे पुन्हा कुंडीत सोडायची. जास्तीचे उरायचे, दोन-तीनशे तरी, बहुतेक तपकिरी. ते रॉकेलच्या डब्यात बुडवायचे. तिच्या मार्गदर्शक सरांनी ती निघताना बजावून सांगितलं होतं की वाड्याचा एकही तुडतुडा जिवंत बाहेर जाता कामा नये. त्यासाठी नोंदवहीत एक वेगळा रकानाच होता, ‘उर्वरित कीटक नष्ट केले’, आणि त्यात दर शनिवारी बरोबरची खूण करायची होती.

बुडवायचं काम तिने तानीला दिलं. आणि तिचं पहिलं पाप हेच. कारण तानी टोपलीच्या घरची होती, आणि प्रतिभाला ते ठाऊक होतं.

टोपलीचं घर म्हणजे काय, ते या भागातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. भात पोटरीला आलं, कणीस बाहेर पडायच्या बेतात असलं, की गावकरी आपापल्या शेतातले दोन-चार किडे आणून एका छोट्या टोपलीत टाकतात. टोपलीत सागाचं पान, वर चिमूटभर तांदूळ आणि कुंकू. मानाच्या घरची बाई ती टोपली घेऊन गावाची शीव ओलांडते, नदीपलीकडच्या उंबराखाली ठेवते आणि मागे न बघता परत येते. किडीला मारायचं नाही, पाहुण्यासारखं वाटेला लावायचं. आवणीपासून, म्हणजे रोपांच्या लावणीपासून, नवा भात तोंडात पडेपर्यंत त्या घरात कुणी भातावरचा जीव मारत नाही. पोशेऱ्यालाही असं घर होतं, प्रतिभाच्या आत्याचं. लहानपणी आत्याच्या मागे शिवेपर्यंत जायला तिने किती हट्ट केला होता.

आणि तरीही तिने तानीच्या हातात रॉकेलचा डबा दिला. तानीने डब्याकडे पाहिलं, प्रतिभाकडे पाहिलं, आणि बरं म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये होकार नव्हता, हे प्रतिभाला त्याच क्षणी कळलं होतं. पण वह्या, कुंड्या, सरांची पत्रं, हजार व्याप मागे होते. तिने ते कळलेलं बाजूला ठेवून दिलं.

दुसऱ्या शनिवारी मोजणी लवकर आटोपली. प्रतिभा चहा ठेवायला आत गेली आणि कपबशी घेऊन दारात आली, तर तानी पाणंदीने नदीकडे चाललेली. दोन्ही हातांत सागाच्या पानाचा मोठा द्रोण, वरून दुसरं पान झाकलेलं. ती अगदी सावकाश चालत होती, दूध सांडू नये म्हणून चालतात तशी. खांबाशी रॉकेलचा डबा होता तिथेच होता, आणि वरचा थर जराही ढवळलेला नव्हता.

प्रतिभाला हाक मारता आली असती. तोंड उघडायचा अवकाश होता. पण ती दारात उभी राहिली आणि मनाशी हिशेब करत बसली. दोन-तीनशे किडे म्हणजे किती? पलीकडे नदी आहे, बेडूक आहेत, पाखरं आहेत, कोळी आहेत, त्यातले चार तरी जगतील का? आणि आईच्या वयाच्या बाईला तिच्या घराण्याचा मान मोडायला आपण कोण सांगणार? शिकून शहाणी झालेली पोर गावात येऊन देवाधर्मावर हसते, असं कुणी म्हणायला नको. तिने या सगळ्याला आदर असं छानसं नाव दिलं. खरं कारण साधं होतं. तानी मारत नसेल तर ते दर शनिवारी आपल्याला मारावं लागेल, आणि ते तिच्या जिवावर येत होतं. पोशेऱ्याची पोरच ती शेवटी.

तिने चहा संपवला, आत गेली आणि रकान्यात बरोबरची खूण केली. पुढच्या चार शनिवारी मोजणी झाली की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची, म्हणजे बघायचंच नको. खुणा मात्र ती न चुकता करत होती.

कुंड्यांतला निकाल सप्टेंबरअखेर आला आणि तो असा स्वच्छ होता की सरांनी पत्रात दोनदा शाबासकी लिहिली. जिवाणू मारलेले तपकिरी तुडतुडे रेंगाळत जगत होते, त्यांच्या कुंडीत पांढऱ्या पाठीचे सुखाने नांदत होते. पण ज्यांच्या पोटात जिवाणू शाबूत होते त्यांच्या कुंडीत पांढऱ्या पाठीचा एकही उरला नव्हता. तेही कसल्या भातावर, तर इथल्या कोळप्यावर, ज्याला म्हणे कीड कधी लागत नाही. रोप मात्र बुडापासून शेंड्यापर्यंत वाळून गेलं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तानीनेच बातमी आणली. नदीपलीकडे बेहेडपाड्याला लहान्या नावाच्या शेतकऱ्याचं भात बसलं. एका जागी गोल वाळलं, मग त्या गोलाच्या शेजारी दुसरा गोल. कढत पाणी ओतावं तसं दिसतंय म्हणे. तानी हे सांगताना जमिनीकडे बघत होती. प्रतिभाने बाटल्या आणि भिंग पिशवीत कोंबलं आणि तशीच निघाली.

लहान्याचं शेत उंबरापासून हाकेच्या अंतरावर होतं. लहान्या आणि त्याची बायको सकू बांधावर बसले होते. प्रतिभा चिखलात उतरली, एका चुडाच्या, भाताच्या जुडग्याच्या, बुडाशी पाण्याचं ताट धरलं आणि चूड थोपटला. ताटात तुडतुड्यांचा थर पडला. तिने दुसरा चूड थोपटला, तिसरा थोपटला. शेताच्या चारी कोपऱ्यांना गेली. सगळे तपकिरी. पांढऱ्या पाठीचा एक नाही, औषधालाही नाही. तीन वर्षं ती या डोंगरातली शेतं हिंडत होती, आणि पांढऱ्या पाठीचा तुडतुडा नाही असं एक शेत तिने पाहिलं नव्हतं. आपल्या ओटीवरच्या कुंडीतला निकाल इथे अर्ध्या एकरावर पसरलेला ती डोळ्यांनी बघत होती. बेडूक आणि पाखरं यांच्यावर सोपवलेल्यांतले चार जगले होते, आणि चार पुरेसे होते.

सकूने बांधावरूनच विचारलं, काही औषध आहे का. प्रतिभा म्हणाली, आता उशीर झाला. मग तिला वाटलं, आत्ता सांगावं. आणि तिने सांगितलं नाही. बाटलीचं झाकण लावलं आणि घरी आली. त्या रात्री तिने मनात सतरा वेळा सरांना पत्र लिहिलं आणि सतरा वेळा फाडलं. हे बाहेर फुटलं तर पदवी गेली, सरांचं नाव गेलं, डोंगरातल्या पोरींना पुढे कुणी असं काम देणार नाही. ही शेवटची सबब तर तिला फारच पटली.

पण गोष्ट तिच्यासाठी थांबणारी नव्हती. सकूने तानीला उंबराखाली द्रोण ठेवताना पाहिलं होतं, एकदा नाही, चार वेळा. टोपली वर्षातून एकदा येते. ही बाई दर शनिवारी कसली कीड आमच्या शिवेत आणून सोडते, असा तिचा सवाल होता, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. रविवारी दुपारी बेहेडपाड्याच्या मोहाच्या झाडाखाली बैठक ठरली. दोन्हीकडची माणसं येणार होती. तानीला बोलावणं आलं. टोपली तिच्या घरात राहणार की जाणार, याचा निवाडा व्हायचा होता. तिच्या सासूने ती नेली होती, सासूच्या सासूने नेली होती.

तानी रडली नाही, घाबरली नाही. रविवारी तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि नदीकडे निघाली. प्रतिभा तिच्या मागे गेली. आज सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. वाटभर ती वाक्यं जुळवत होती.

बैठकीचा म्होरक्या तुका नावाचा म्हातारा होता, डोळ्यांनी अधू पण कानांनी तिखट. त्याने सकूचं ऐकून घेतलं, मग प्रतिभाने बोलायची परवानगी मागितली. आणि ती बोलली, चांगला अर्धा तास. हे तुडतुडे माझे आहेत म्हणाली. मी वाड्याहून आणले. इथल्या तुडतुड्यांसारखे ते नाहीत, त्यांच्या पोटात असे असे जिवाणू आहेत, ते त्यांना बळ देतात, म्हणून त्यांनी इथल्यांना हुसकावलं आणि तुमचं कोळपं जाळलं. तानीमावशीच्या टोपलीने आजवर कुणाचं वाईट झालं नाही, कारण टोपलीतली कीड इथलीच असायची, कमजोर असायची. दोष किडीचा आहे, आणि कीड माझी आहे. लोक मन लावून ऐकत होते. एकाने विचारलं, केवढे असतात हे पोटातले. ती म्हणाली, तुडतुड्यापुढे ते एवढे लहान की बेहेडपाड्यापुढे मोहाचं एक फूल. लोक हसले. आपल्या बोलण्याला लोक हसले की प्रतिभाला नेहमी धीर यायचा. तसाच तो आत्ताही आला, आणि त्या धीराने घात केला.

कारण तेवढ्यात लहान्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. मग तुमच्या पिंजऱ्यातले इथे आले कसे, एवढंच त्याने विचारलं.

प्रतिभा म्हणाली, “मी तर रॉकेलचा डबा दिला होता. मारायलाच सांगितलं होतं.”

वाक्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. ते तोंडातून गेलं आणि तिला समजलं की आपण अर्ध्यावर थांबलोय. उरलेलं अर्धं तिच्या जिभेवर आलं होतं. पण सगळ्यांच्या माना तानीकडे वळल्या होत्या, आणि प्रतिभा मूग गिळून बसली.

तुकाने तानीला विचारलं, बायने मारायला सांगितलं होतं का. तानी म्हणाली, सांगितलं होतं. मग का नाही मारलं? तानीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही त्याने पाणी ओलं का असं विचारलं. टोपलीच्या घरची बाई कशी मारेल, ती म्हणाली. तुकाला ते मान्य होतं. लोकांनाही मान्य होतं. बैठक तिथे तानीच्या बाजूला झुकली होती, प्रतिभाला ते दिसत होतं, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला होता. आता आपल्याला काही बोलायची गरजच पडणार नाही.

आणि तानी आपणहून पुढे म्हणाली, “पन मी मागं बघला व्हता. एक डाव. चूक माझीच हाय.”

टोपली ठेवायला जाणाऱ्या बाईने मागे बघितलं की कीड तिच्या मागोमाग परत फिरते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तानीलाही माहीत होतं, आणि प्रतिभाच्या जिवाणूंपेक्षा तिला हे जास्त पटलेलं होतं. लहान्याचं भात का बसलं, याचा उलगडा तिने स्वतःपुरता केव्हाच करून टाकला होता. त्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. टोपली तानीच्या घरातून काढायची ठरली. कुणाकडे द्यायची ते पुढे बघू, असं तुका म्हणाला.

परतताना नदी गुडघाभर होती. तानी पुढे, प्रतिभा मागे. मधल्या दगडावर प्रतिभाला राहवलं नाही. मावशी, कुणी विचारलंही नव्हतं, मागे बघितल्याचं सांगायची काय गरज होती, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी चीडच होती.

“बघला व्हता तं सांगला,” तानी म्हणाली.

“पण कधी बघितलंत?”

“दुसऱ्या शनवारी. तू दारात व्हतीस. हातात कप व्हता.” तानीने लुगड्याचा ओचा वर खोचला. “मला वाटला, बाय हाक मारते का काय, म्हनून बघला. तू नाय मारलीस. म्हटला, आपल्यातली पोर हाय, तिला पटतंय. मंग मी बिनघोर न्यायला लागले.”

म्हणजे तानीला सगळं माहीत होतं. अर्ध्या तासाचं भाषण चाललं होतं तेव्हा माहीत होतं, रॉकेलच्या डब्याचं वाक्य आलं तेव्हाही माहीत होतं. “तिथं का नाही सांगितलंत?” तिने विचारलं.

“तुझा तू सांगशील म्हटला,” तानी म्हणाली, आणि पुढच्या दगडावर पाय ठेवून चालू लागली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

प्रतिभा तिथूनच उलटी फिरली. शरमेने तिचं तोंड भाजत होतं. मोहाखाली सात-आठ माणसं अजून तंबाखू मळत बसली होती, तुका होता, सकू होती. धापा टाकतच तिने सांगितलं की मी पाहिलं होतं, दुसऱ्याच खेपेला पाहिलं होतं, आणि थांबवलं नाही. पुढच्या चारही खेपा मला माहीत असताना गेल्या. वहीत मात्र मी मारले म्हणून खुणा केल्या. तानीमावशीने मागे बघितलं तेही माझ्यामुळे. यावेळी कुणी हसलं नाही. सकू उठली आणि घरात निघून गेली.

तुकाने हातातली तंबाखू खाली झटकली. मग त्याने विचारलं की ही कीड आता मरेल ना. प्रतिभा म्हणाली, उन्हाळ्यात भात नसतं तेव्हा बहुतेक मरेल, पण चार राहिले तरी पुढल्या पावसात येतील, मी शब्द देऊ शकत नाही. आता खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

“तर मंग पुढल्या साली टोपली तूच ने,” तुका म्हणाला. “कीड तू आनलीस.”

प्रतिभा कळवळून म्हणाली की मान तानीमावशीला परत द्या, मी एवढ्यासाठीच आले. तुकाने मान हलवली. तानीने मागे बघितलं हे ती स्वतः बोलली आहे, ते आता कुणाला पुसता येत नाही. आणि तू टोपलीच्या घरच्या आत्याची भाची आहेस ना पोशेऱ्याची, मग तुला चालतं. त्याच्या मनात शिक्षा द्यायचं नव्हतं. त्याला फक्त टोपली रिकामी ठेवायची नव्हती. पण तानीच्या घरातून निघालेला मान आपल्या पदरात पडतोय हे कळलं तेव्हा प्रतिभाला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने नोंदवहीतल्या सहाही खुणा लाल पेनाने खोडल्या आणि समोर ‘नष्ट केले नाहीत’ असं लिहून वही सरांकडे पाठवली. सरांचं उत्तर दीड महिन्याने आलं, तीन ओळींचं. काम तिथेच थांबलं. प्रतिभा जव्हारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. पोशेऱ्याहून तिने दोन पोती भात आणून सकूच्या दारात ठेवलं. सकूने ते नाकारलं नाही आणि तिच्याशी बोललीही नाही. दिवाळीनंतर लहान्या आणि सकू घराला कडी घालून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले. आजवर ते कधी गेले नव्हते.

पुढच्या भाद्रपदात भात पोटरीला आलं, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर प्रतिभा जीपने दाभोशाला उतरली. टोपली तानीच्याच ओटीवर भरायची ठरली होती, कारण बाकी कुणाला ती भरता येत नव्हती. लोकांनी आणलेले किडे तानीने एकेक करून पानावर ठेवले. प्रतिभाने वाकून पाहिलं. पांढऱ्या पाठीचे होते. तपकिरीही होते, तीन. तिने तानीला ते दाखवले नाहीत, पण तानीने बघितले असणार.

पान कसं दुमडायचं, तांदूळ किती, टोपली पोटाशी कुठे धरायची, हे सगळं तानीने तिला दाखवलं. पाणंदीला खड्डा कुठे आहे ते सांगितलं. आपल्याच घरची वस्तू परक्याच्या हाती देताना माणूस जसं बारीकसारीक सांगतं, तसं ती सांगत होती. शेवटी तिने टोपली प्रतिभाच्या हातात दिली आणि आपले हात लुगड्याला पुसले.

“मागं बघू नको,” ती म्हणाली. “कायपन वाटला तरी.”

प्रतिभा ओटीवरून उतरली. पाणंद चिखलाने भरली होती आणि टोपली हलकी होती. दहा पावलांवर तिला वाटलं, मागून हाक येईल. त्या दिवशी तानीलाही नेमकं इथेच असं वाटलं असेल. ती कान टवकारून चालत होती. हाक आली नाही. पाठीमागे तानी दारात उभी आहे की केव्हाच आत गेली, हे तिला बघता येत नव्हतं.